जिवंताचा हार की फोटोचा

सांगलीहून जबलपूरला थेट गाडी नाही. मध्ये बदलावं लागतं, आणि दुसऱ्या गाडीत माझ्या बर्थवर एक कुटुंब लोणच्याच्या बरण्यांसकट आधीच झोपलेलं होतं. त्यांना उठवलं, बरण्या खाली सरकवल्या, झोपले. प्रवासवर्णनातला प्रवास इथेच संपवते, कारण सांगण्यासारखं सगळं गाडीतून उतरल्यावर घडलं.

गेले ते कुसुममावशीसाठी. मावशीचे यजमान म्हणजे त्र्यंबक डबीर. जुने दिवाळी अंक ज्यांनी चाळले असतील त्यांना नाव माहीत असेल. हिंदीत त्यांचं रोजचं सदर होतं, मराठीत वर्षाला चार-पाच लेख. विनोदी लेखक म्हटलेलं त्यांना खपत नसे. "विनोदी लेखक गुदगुल्या करतो, मी चावतो," म्हणायचे. बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून हे काका स्वतःच्याच सत्काराला निघाले आणि पोचले नाहीत. म्हणजे स्कूटर पोचली. सभागृहाच्या दारात, स्टँडवर व्यवस्थित लावलेली सापडली. किल्ली नव्हती आणि काका नव्हते. पोलीस झाले, जाहिराती झाल्या, नर्मदेचे घाट झाले. आजतागायत काहीही कळलेलं नाही.

मला फोन आला मावसभावाचा, मिलिंदचा. तो कॅनडात असतो. "ताई, बारा वर्षं झाली. शास्त्राने आता मृत धरतात. तिथले मराठी मंडळवाले सभागृहाला बाबांचं नाव देतायत, फोटोला हार घालायचाय. आईने एकदा हार घातला की मीही येऊन पुढचे विधी करीन. पण ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तू जा आणि समजाव."

माझं सांगलीत मंगल कार्यालय आहे. रुसलेले व्याही आणि फुगलेल्या आत्या समजावणं हा माझा रोजचा धंदा. मी म्हटलं, समजावते. माझं स्वतःचं मतही मिलिंदसारखंच होतं. जी गोष्ट संपली ती संपवावी, हॉल रिकामा करावा, पुढच्या पार्टीला द्यावा.

दीक्षितपुरा

मावशी दीक्षितपुऱ्यात राहते. जुनं जबलपूर, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आपल्याला मोजता येतं. खालच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग चालतो, त्यामुळे दिवसभर जिन्यातून रसायनशास्त्र वर येत असतं. मावशी पंचाहत्तरीची, सडसडीत, कपाळावर ठळक कुंकू. सांगलीची मुलगी, पण पन्नासएक वर्षांत तिच्या मराठीला इकडचं पाणी लागलं आहे.

"काहून गं इतकी बारीक झाली?" हे तिचं पहिलं वाक्य. मी बारीक झालेली नाही. हे स्वागताचं वाक्य आहे.

नाश्त्याला पोहे. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते, इथे शेव पडते आणि शेजारी जिलबी. पोहे आणि जिलबी एका घासात खायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आधी पोहे संपवले, मग जिलबी खाल्ली, तेव्हा मावशी म्हणाली, "तू तर ऑफिसच्या फाइली निपटून राहिली आहेस."

भिंतीवर काकांचा फोटो होता. नाकावर चष्मा, ओठांवर पुढचं वाक्य. हार नव्हता. खिळा मात्र फोटोच्या वर नवा ठोकलेला दिसला.

"हा कुणी ठोकला?"

"शेवडेजींनी. मंडळाचे अध्यक्ष. म्हणाले, हाराला लागेल. मी म्हटलं, ठोकून ठेवा, खिळ्याला काय, छत्री टांगू."

तेवढ्यात शेवडेजी स्वतःच आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, गोल, घामाघूम गृहस्थ. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवी उघडताच खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. आत शाल होती.

"हीच ती शाल, ताई," ते मला म्हणाले. "त्या दिवशीची. खुर्ची रिकामी, सभागृह फुल्ल, मी काय करणार? भाषण खुर्चीसमोर केलं, शाल खुर्चीला घातली. बारह साल से संभालकर रखी है. रविवारी फोटोला हीच घालू."

"आणि नारळ?" मी विचारलं. धंद्याची सवय.

शेवडेजी जरा घुटमळले. "नारळाच्या वड्या केल्या हो. नारियल कितने दिन टिकता है?"

"मला चार आणून दिल्या होत्या," मावशी म्हणाली. "साखर जास्त झाली होती."

शेवडेजींनी हात जोडले. "वहिनी, आता हो म्हणा. पाटी तयार आहे, स्मृती सभागृह म्हणून. प्रमुख पाहुणे ठरले. तुम्ही हार घातल्याशिवाय आम्ही नाव कसं देणार? जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत आणि गेलेल्याला घातल्याशिवाय चालत नाही. आमची पंचाईत समजून घ्या."

"विचार करून राहिले," मावशी म्हणाली.

"वहिनी, आज गुरुवार!"

"मग रविवारपर्यंत वेळ आहे ना. चहा घ्या."

ते गेल्यावर मी माझं काम सुरू केलं. मावशी, वय झालं, व्यवहार बघावा, मिलिंदलाही मोकळं वाटेल, वगैरे. ही भाषणं माझी पाठ आहेत. मावशीने भेंडी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

"विजू," ती म्हणाली, "मेले म्हटलं की रडावं लागतं. निघून गेले म्हटलं की रागावता येतं. मला रागावायला बरं पडतं. बारा वर्षं रोज सकाळी मी त्यांच्याशी भांडून चहा घेते. हार घातल्यावर कुणाशी भांडू? फोटोशी भांडणाऱ्या बाईला लोक येडी म्हणतात."

 मी भेंडी चिरायला घेतली.

संशयितांचं गाव

दुसऱ्या दिवशी गावात फिरले. आपल्याकडे एखाद्याचा खून झाला किंवा कुणी बेपत्ता झालं, तर लोक म्हणतात, आमचा काही संबंध नाही. जबलपूरची रीत वेगळी आहे. इथे डबीर प्रकरणाशी संबंध नसणं ही बेइज्जती आहे.

ई-रिक्षावाला म्हणाला, "डबीर साहब? अमरकंटक में हैं. मेरे साढ़ू ने देखा." पानवाला म्हणाला, शेवटचं पान त्याच्याकडचंच, अर्धं खाल्लं आणि अर्धं गालात धरून गेले. पुढच्या चौकातला पानवालाही हेच म्हणाला. मी मावशीला विचारलं, काका पान खायचे का? "दाढ दुखायची त्यांची. पान सोडून दोन वर्षं झाली होती."

खोव्याच्या जिलबीच्या दुकानात दुबेजी भेटले. ही जिलबी काळपट, जाड आणि खव्याची असते. एक खाल्ली की माणूस शांत होतो, दोन खाल्ल्या की तत्त्वज्ञानी. दुबेजींची तिसरी चालू होती. निवृत्त प्राचार्य, ताठ, पांढरी मिशी. रविवारचे प्रमुख पाहुणे हेच.

"मी श्रीमती डबीरांची भाची," मी हिंदीत सांगितलं.

ते उठून उभे राहिले. "मैं मुख्य संदिग्ध हूँ," त्यांनी मुख्य संशयित म्हणून स्वतःची ओळख करून दिली.

काकांनी त्यांच्यावर लिहिलं होतं. एकाच नळाचं तीनदा उद्घाटन करणारे प्राचार्य. सगळ्या शहराने ओळखलं, दुबेजींना लग्नाकार्यात लोक "सर, पाणी आलं का?" विचारू लागले. त्यामुळे काका नाहीसे झाल्यावर पोलिसांनी आधी यांनाच बोलावलं.

"कई बार बुलाया," दुबेजी अभिमानाने म्हणाले. "दरोगा खुद चाय मँगवाता था. और एक बात लिख लीजिए, बहनजी. नल का उद्घाटन मैंने दो बार किया था. तीसरी बार डबीर ने अपनी तरफ़ से जोड़ी. मैंने कहा उससे, तो बोला, दो में हँसी नहीं आती."

"राग आला असेल तुम्हाला."

"बहुत. छह महीने बात नहीं की. फिर शतरंज के लिए कोई और था नहीं." त्यांनी बोटं पुसली. "मेरी चाल चल रही थी जब वो गया. मोहरे मैंने वैसे ही रखे हैं. झाड़ू वाली को हाथ नहीं लगाने देता."

संध्याकाळी हे शेवडेजींना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "दुबेजींना कितीदा बोलावलं, ताई. मला एकदाही नाही. कार्यक्रमाचा संयोजक मी. शाल माझ्याकडे. स्कूटर सगळ्यांत आधी मी पाहिली. एक फोन तक नहीं. पोलिसांना वाटलं असेल, हा काय करणार!"

मी त्यांना म्हटलं, माझ्या मते तुम्ही चांगले संशयित आहात. त्यांना बरं वाटलं.

भेडाघाट

शनिवारी मी मावशीला घेऊन भेडाघाटला गेले. जबलपूरला येऊन धुआंधार पाहिला नाही असं सांगलीत सांगायची सोय नाही. मावशी आधी नको म्हणत होती. मग तिने स्वेटर घातला, डब्यात गक्कड-भर्ता भरला आणि माझ्याआधी खाली जाऊन उभी राहिली. गक्कड म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा, वांग्याच्या भरताशी खायचा. आपल्या भाकरीचा बुंदेली चुलतभाऊ, जरा जास्त कडक स्वभावाचा.

धुआंधारला नर्मदा एकदम खाली उडी मारते आणि धूर होऊन वर येते. वर्णन एवढंच करते, कारण चष्म्यावर तुषार बसल्यामुळे मला पुढचं दिसलं नाही. चष्मा पुसायला वाकले तर उजव्या पायातली चप्पल निसटून कठड्याखालून गेली. मी वरून पाहत राहिले. चप्पल एकदा दिसली, मग धुरात गेली.

"गेली," मावशी म्हणाली. "बघ, जायला काही लागत नाही."

एका पायात चप्पल आणि एका पायाला हातरुमाल बांधून नावेत बसले. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, पांढरे, कुठे निळसर, कुठे पिवळे, मधून हिरवं शांत पाणी. इथल्या नावाड्यांची एक पद्धत आहे. नाव वल्हवता वल्हवता ते सगळं यमकात सांगतात. खडकांची नावं, देवादिकांच्या गोष्टी, राजकारण, नावेत बसलेल्या जोडप्यांची थट्टा, सगळं एका सुरात, चेहऱ्यावरची माशी न हलू देता. आमच्या नावाड्याचं नाव मुन्ना. त्याने माझा पाय पाहिला आणि लगेच सुरू झाला.

"दाएँ हाथ पे देखिए हाथी, पत्थर का है, किसी का न साथी. बाएँ बैठी हैं दीदी हमारी, एक चप्पल नर्मदा को वारी!"

नावेतली माणसं हसली. मीही हसले, दुसरं काय करणार.

पुढे वळणावर त्याने वल्हं थांबवलं, एका काळ्या कपारीकडे बोट दाखवलं. "यहीं पे खोया लेखक महान, गाल में दबाए आधा पान. पुलिस ने पूछा, मैया बता दो. मैया बोलीं, मैं क्यों दूँ बयान!"

मी मावशीकडे पाहिलं. ती पदर डोक्यावर घेऊन शांत बसली होती. मुन्नाला काय ठाऊक कोण बसलंय. तो रंगात आला.

"उसी डबीर की एक बात सुनिए, भाई साहब. वो कहते थे, सत्कार हो या शवयात्रा, एक ही बात है. दोनों में माला, दोनों में शाल, दोनों में वो लोग तारीफ़ करते हैं जिन्होंने पढ़ा नहीं. फ़र्क़ बस इतना, कि सत्कार में समोसा मिलता है!"

लोक हसले. आणि मावशी ताडकन म्हणाली, "ग़लत!"

नाव हलली. मुन्नाचं वल्हं पाण्याबाहेर थांबलं.

"समोसा कहाँ से आया इसमें? फ़र्क़ बस इतना, कि मरा हुआ आदमी लेटकर सुन सकता है. ये है. ठीक से बोलो, भैया, नहीं तो मत बोलो."

 मग नाव इतकी हसली की पलीकडच्या नावेतले लोक वळून बघू लागले. मुन्ना वाकून म्हणाला, "अम्मा, आपको कैसे मालूम?"

"घर की बात है," मावशी म्हणाली.

इथे काकांची एक खोड सांगायला हवी. त्यांचं वाक्य कुणी चुकीचं सांगितलेलं त्यांना सहन होत नसे. माझ्या लग्नात पंगतीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हेच सत्काराचं वाक्य सांगताना शेवट बिघडवला, तर काका खरकट्या हाताने, भर जेवणातून उठून तिथे गेले आणि दुरुस्त करून परत पानावर येऊन बसले. एकदा रेल्वेत वरच्या बर्थवर तापाने फणफणून पडले होते. खाली कुणी अनोळखी माणूस चुकला. काकांनी पांघरुणातून डोकं बाहेर काढून शेवट सांगितला आणि पुन्हा झोपले. मावशी म्हणायची, "हे मसणातून उठून येतील, पण वाक्य दुरुस्त करतील."

परतीच्या वाटेवर तिने रिकामा डबा पिशवीत घातला. मग म्हणाली, "विजू, उद्या मला बोलायचंय. शेवडेजींना सांग, हाराच्या आधी मला माइक पाहिजे."

"म्हणजे हार घालणार?"

"आधी बोलणार. मग बघू."

मला वाटलं, झालं, मोहीम फत्ते. मिलिंदला फोन करून सांगितलंही.

बडा फुहारा

रविवारी सकाळी हार आणायला मी आणि शेवडेजी बाजारात गेलो. आदल्या दिवशीच नवी चप्पल घेतली होती, ती चावत होती. बडा फुहाऱ्याजवळ फुलवाल्यांची रांग आहे. फुलवालीने झेंडू हातात घेतला आणि विचारलं, "किसके लिए? आदमी या फोटो?"

प्रश्न धंद्याचा होता. फोटोचा हार चौकटीच्या मापाचा, निमुळता लागतो, माणसाचा आखूड आणि भरदार. सांगलीत मी हजार हार मागवले असतील, पण उत्तर देताना कधी अडले नव्हते. मी शेवडेजींकडे पाहिलं, शेवडेजींनी आभाळाकडे.

"अभी तय नहीं हुआ," मी म्हटलं.

फुलवालीने मान डोलावली, जणू अशी गिऱ्हाइकं रोज येतात. "तो बीच का बना देती हूँ. दोनों पे चल जाएगा."

सभागृह

कार्यक्रम अकराचा होता. आपल्याकडे अकराचा म्हणजे साडेअकराला सुरू होतो, इथे साडेअकराला सतरंज्या झटकायला सुरुवात होते. पण सभागृह भरलं. कारखान्यातले निवृत्त, रेल्वेतले, शिक्षिका, विजय नगरहून आलेली तरुण मंडळी, ज्यांना मराठी कळतं पण बोलायचं म्हटलं की ती आईकडे बघतात. हिंदीभाषकही निम्मे. मंचावर फोटो, फोटोला ती डांबराच्या गोळ्यांची शाल. ताटात हार. बाजूला लालबुंद पडद्यामागे पाटी. मी सवयीप्रमाणे मागे, चहाच्या टेबलाशी उभी राहिले. तिथून सगळं दिसतं.

शेवडेजी "दो शब्द" म्हणून अर्धा तास बोलले. एका वाक्यात त्यांनी आपण काकांना शेवटचे भेटणार होतो हे सांगितलं, आणि पहिल्या रांगेत दुबेजींनी नापसंतीने घसा साफ केला.

मग मावशी उठली. माइक तिच्यासाठी खाली करावा लागला.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "ह्यांचं एक वाक्य सांगते. सबको मालूम है. सत्कार आणि अंत्ययात्रा एकच. दोन्हीकडे हार, दोन्हीकडे शाल. दोन्हीकडे ज्यांनी वाचलं नाही तेच लोक चांगलं बोलतात." ती थांबली. "फरक एवढाच, की सत्काराला चहा मिळतो."

माझ्या हातातला कप थांबला.

सभागृहात कुणी हसलं नाही. सगळ्यांना वाक्य येत होतं, आणि सगळ्यांना वाटलं, बिचारी विसरली. पहिल्या रांगेतल्या बायकांनी मान खाली घातली. अशा प्रसंगी अशा बाईला कोण दुरुस्त करणार? शेवडेजी पुढे वाकून कुजबुजू लागले, तर मावशीने हाताने त्यांना थांबवलं.

"फरक एवढाच," ती पुन्हा म्हणाली, मोठ्यांदा, एकेक शब्द वेगळा करून, "की सत्काराला चहा मिळतो."

आणि ती उभी राहिली. बघत राहिली. समोर नाही, लोकांच्या डोक्यावरून, दाराकडे, खिडक्यांकडे, माळ्याकडे. पंखे फिरत होते. तेव्हा मला समजलं की ही बाई भाषण करत नाहीये. ही नवऱ्याला बोलावते आहे. बारा वर्षांत पोलिसांनी वापरली नाही ती युक्ती तिने काढली होती. हा माणूस जगाच्या पाठीवर कुठे ऐकू येण्याच्या अंतरावर असेल तर गप्प बसणार नाही. आणि बसला, तर मग तो नाही. मग ताटातला हार ती उचलणार.

माझ्या पायात नवी चप्पल चावत होती आणि मी जागची हलू शकत नव्हते. खरं सांगते, मला ती मोहीम फत्ते व्हायला नको होती.

"चहा मिळतो," मावशी तिसऱ्यांदा म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. तिने ताटाकडे पाहिलं. हात पुढे केला.

"आडवं पडून ऐकता येतं!"

आवाज मागून आला, डाव्या बाजूने, दाराकडून. पुरुषाचा, जरा चिडका. त्याचे शेवटचे शब्द संपायच्या आत दुबेजी उभे राहिले, "लेटकर! लेटकर सुन सकता है!" आणि मग सगळं सभागृहच फुटलं. मराठीत, हिंदीत, निवृत्तांनी, शिक्षिकांनी, आईकडे बघणाऱ्या पोरांनीसुद्धा. "आडवं पडून! लेटकर!" कुणाला एक सेकंद जास्त सहन होत नव्हतं. मीही ओरडले. चहा साडीवर सांडला.

मावशीने हात मागे घेतला. गोंगाट ओसरेपर्यंत ती थांबली, मग माइकमध्ये म्हणाली, "इतके लोक एकदम बोलले तर मला काय कळणार, त्यात कोण होतं?"

तिने हार उचलला, मंचावरून खाली आली आणि दुबेजींच्या गळ्यात घातला. बरोबर बसला. मग फोटोवरची शाल काढली, झटकली आणि तीही त्यांच्या खांद्यावर टाकली. सभागृहभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला.

"आता बसा," ती त्यांना म्हणाली. "शेवटपर्यंत. और घर जाकर मोहरे वैसे ही रखिए."

दुबेजी बसले. अजून सहा वक्ते बाकी होते. मान ताठ, डोळ्यांत पाणी, नाकात डांबर, हलायची सोय नाही. पाटीवरचा पडदा काढायचा राहिला तो राहिलाच. शेवडेजी मला म्हणाले, "ताई, पाटी का क्या करें?" मी म्हटलं, पडदा छान आहे, असू द्या.

चहाच्या वेळी मी डाव्या बाजूच्या दाराशी गेले. चौकशी केली, आवाज कुणाचा होता. रेल्वेतल्या एका आजोबांनी सांगितलं, माझा. त्यांच्या शेजारच्यांनी सांगितलं, मेरा था, इनका तो गला बैठा हुआ है. तिसऱ्याने शपथ घेतली. चौथे सिहोऱ्याहून बसने आले होते, ते म्हणाले, इतक्या लांबून मी काय गप्प बसायला आलो? दाराबाहेर स्कूटर, सायकली, एक ई-रिक्षा, भरपूर ऊन. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. एकदाच पाहिलं. मग कप गोळा करायला आत गेले, कारण कप कुणीच गोळा करत नव्हतं.

घरी जाताना ई-रिक्षात मावशी बाहेर बघत होती.  मग तिने स्वतःच सुरुवात केली.

"एवढी तीन-तीनदा चूक केली मी. तीनदा! लाज वाटली मला लोकांसमोर. आले असतील तर सामने यायला काय झालं होतं? आणि नसतील आले, तर काहून नाही आले? बायको भर सभेत वाक्य बिघडवून राहिली आहे आणि ह्यांना पत्ता नाही. असा माणूस असतो का कुठे?"

दीक्षितपुऱ्यापर्यंत ती रागावत होती. चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर मिलिंदचा फोन आला. या वेळी माझ्या बर्थवर कुणी नव्हतं.

"ताई, झालं का? हार घातला आईने?"

"घातला."

 तो हळूच म्हणाला, "खूप रडली का गं?"

"नाही रे," मी म्हटलं. "दुबेजी रडले. हार त्यांना घातला. तुझी आई रागावली आहे."

 

"कुणावर?" त्याने विचारलं.

"नेहमीच्याच माणसावर," मी सांगितलं आणि पायातली चप्पल काढून बर्थखाली नीट आत सरकवली.